घडीच्या सायकलींची राईड आणि मेळावा: मार्ग, वेळ, नियम ठरवूया

घडीमोड

सिग्नलला कधीतरी शेजारी घडीची, म्हणजे मिटून लहान होणारी, सायकल येऊन थांबते. आपण तिच्या चाकांकडे बघतो, तिचा मालक आपल्या चाकांकडे बघतो, दोघंही जरासं हसतो आणि हिरवा दिवा लागतो. शहरातली आपली आपसातली ओळख एवढीच! मोठ्या सायकलींच्या गटांबरोबर मी दोन-चारदा जाऊन आलो. माणसं चांगली आहेत, पण "ही पोरांची सायकल का?" हे ऐकून ऐकून कंटाळा आला.

म्हणून फक्त घडीच्या सायकलींची एक राईड आणि नंतर तासभर मेळावा असं मनात आहे. पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी साडेसहा. मोठ्या बागेच्या फाटकापासून नदीकाठाने उत्तरेला, जुन्या पुलावरून पलीकडे, बाहेरच्या रस्त्याने वळसा घालून परत बागेत. एकूण ३२ किलोमीटर. सरासरी १८ चा वेग ठेवला तर दोन तासांच्या आत परत. त्यानंतर बागेत बसून सायकली बघणं, घडीची स्पर्धा, गप्पा.

कोण कोण येणार? सायकल कुठली, चाक किती इंची, तेही लिहा.

रात्रपाळी

मी आहे. २० इंची, मागे आठ गिअर. रात्रपाळी करून थेट येईन, त्यामुळे राईड संपेपर्यंत मला जागं ठेवायची जबाबदारी तुमची.

मंदगती

यायचं आहे, पण सरासरी १८ वाचून हबकले. माझी १६ इंची, तीन गिअरची. एवढ्याशा चाकाला मोठ्या सायकलीच्या दुप्पट पायडल मारावे लागतात ना? ३२ किलोमीटरमध्ये माझे गुडघे हातात येतील.

गणिती

मंदगतीताई, हा गैरसमज इतका पसरलाय की एकदाचा आकडे मांडून निकालात काढतो.

चाक जास्त फिरतं हे खरं. तुमचं टायर बहुधा ३५-३४९ मापाचं असेल (रुंदी ३५ आणि रिमचा व्यास ३४९ मिमी), म्हणजे एका फेऱ्यात साधारण १.३२ मीटर. रोडबाईकचं २५-६२२ टायर एका फेऱ्यात २.११ मीटर जातं. ३२ किलोमीटरला तुमचं चाक २४,३०० च्या आसपास फेरे घेईल, रोडबाईकचं १५,२००. पण हे फेरे चाकाचे आहेत, पायाचे नाहीत. पाय किती फिरणार ते पुढच्या आणि मागच्या दात्यांवर ठरतं, आणि छोट्या चाकाच्या सायकलीला कारखान्यातच पुढे मोठं आणि मागे लहान दातेरी चाक देतात. रात्रपाळीच्या २० इंचीला पुढे ५२ आणि मागे ११ दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात ती ७.२ मीटर जाते. रोडबाईकला पुढे ४८ आणि मागे १४ लावले तरी तेवढीच, ७.२.

आता छोट्या चाकाची खरी किंमत कुठे मोजावी लागते ते सांगतो. खड्ड्यात ते जास्त खोल उतरतं, त्यामुळे दणका मोठा बसतो. खडबडीत रस्त्यावर जोर जास्त खर्च होतो. टायरचा तोच तोच भाग जास्त वेळा रस्त्याला लागतो, म्हणून ते लवकर झिजतं. आणि हँडल चपळ असतं, जरा जास्तच चपळ. बदल्यात सिग्नल सुटल्यावर ते पटकन वेग घेतं, आणि आरे आखूड असल्यामुळे चाक चांगलं मजबूत असतं.

तरीही १८ ची सरासरी गटासाठी जास्तच आहे. एकट्याने जमते. पंधरा-वीस जण, सिग्नल, मागे राहिलेल्यांसाठी थांबणं हे सगळं धरलं तर १३-१४ च्या वर जात नाही.

मंदगती

गणिती, शाळेत तुम्ही शिकवायला असता तर मी गणित सोडलं नसतं. आले.

कोपऱ्यातली

एक विचारू का? आपण गोल का फिरतोय?

नाही, खरंच विचारतेय. जिथून निघालो तिथेच परत यायचं हे बंधन मोठ्या सायकलवाल्यांचं, कारण त्यांची गाडी नाहीतर घर तिथे असतं. आपली सायकल मिटते. बसमध्ये, मेट्रोत, लोकलमध्ये, कुणाच्याही गाडीच्या डिकीत जाते. जिथे राईड संपेल तिथून प्रत्येक जण आपापल्या वाटेने घरी जाऊ शकतो. असं असताना ३२ किलोमीटर चालवून पुन्हा त्याच बागेच्या फाटकाशी यायचं म्हणजे छत्री बगलेत धरून पावसात उभं राहण्यासारखं आहे.

माझी सूचना: लोकलने शेवटच्या स्टेशनला भेटू. तिथून नदीच्या उताराने शहराकडे येऊ. अंतर २३-२४ किलोमीटर, जवळजवळ सगळा उतार नाहीतर सपाटी. शेवट शहराच्या मध्यावर, जिथून सगळ्या दिशांना वाहनं मिळतात.

रात्रपाळी

हे म्हणजे रेल्वे सहल झाली. राईड म्हणजे राईड. उतारानेच यायचं तर ढकलून दिलं तरी सायकल येईल. माझा गोल फेरीला पाठिंबा. ३२ कमी वाटत असतील तर ४० करा.

कोपऱ्यातली

४० करायचे तर रोडबाईकवाल्यांचा गट आहे की. ते तुम्हाला हसून घेतील, मग सोडून पुढे जातील.

घडीमोड

भांडू नका रे. पण कोपऱ्यातलीचा मुद्दा डोक्यात घुसला आहे आणि बाहेर निघत नाही. माझ्याकडे सहा वर्षं घडीची सायकल आहे. घरात जागा नाही म्हणून ती मिटतो, सोफ्यामागे ठेवतो. ती मिटवून कुठे जाता येतं हे मी विसरूनच गेलो होतो.

बिजागर

नमस्कार. उशिरा आलो, पण मार्गापेक्षा महत्त्वाचं बोलायचं आहे. मार्ग कुठलाही ठरवा. निघण्याआधी प्रत्येक सायकलीची तपासणी झाल्याशिवाय एकही चाक हलायला नको. गेल्या वर्षी एका ओळखीच्या माणसाचा हँडलपोस्ट, म्हणजे हँडलखालचा मिटणारा दांडा, चालत्या सायकलीवर उघडला. नुसतं खरचटण्यावर निभावलं, पण त्याला पुढे काहीच धरायला नव्हतं हे डोळ्यांसमोर आणा.

पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. हे करताना दुसऱ्या हाताचं बोट फ्रेमच्या बिजागरीच्या फटीवर ठेवा. बोटाला जरासुद्धा हालचाल जाणवली तर क्लॅम्प, म्हणजे बिजागरी आवळून धरणारी पकड, ढिला आहे. हँडलपोस्टच्या बिजागरीवरही हेच करा. क्लॅम्पची दांडी बंद करताना अर्ध्या वाटेपासून जोर लागायला हवा. बोटाने टिचकी मारून बंद होत असेल तर नट आवळायचा. दांडीवरची सुरक्षा कडी खरंच बसली आहे का ते डोळ्यांनी बघायचं. 'खट्' आवाज झाला म्हणजे बसली असं समजू नका.

घडी उघडताना केबल बिजागरीत चिमटली नाही ना, हेही बघा. सगळ्यांची घाई इथेच नडते.

सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, कमाल उंचीची खूण असते. ती खूण बाहेर दिसत असेल तर सीट जास्त वर आहे. उंच माणसांनी हट्ट करू नये, लांब सीटपोस्ट मिळतो. सीटपोस्टला तेल-ग्रीस लावून 'मऊ' करणारेही मी पाहिलेत. ज्या सायकलीत तो रोज वर-खाली होतो तिथे तो कोरडा आणि पुसलेला हवा, नाहीतर बसल्या बसल्या तुम्ही बुटके होत जाल.

अल्युमिनियमची फ्रेम जुनी असेल तर बिजागरीच्या वेल्डिंगजवळचा रंग नीट पाहा. केसाएवढी भेग दिसली तर ती सायकल घरीच ठेवा.

नवशिकी

काका, माझ्या सायकलीचा बिजागरीपाशी कुरकुर आवाज येतो, विशेषतः उभं राहून पायडल मारताना. धोका आहे का?

बिजागर

बहुतेक वेळा धूळ असते. बिजागरी उघडा, दोन्ही तोंडं कोरड्या फडक्याने पुसा, पुन्हा बंद करा. आवाज गेला तर गेला. नाही गेला तर सीटपोस्ट काढून तिथे पुसा, कारण आवाज कुठून येतो याबद्दल कान फसवतो. दोन्ही करूनही राहिला तर सायकल दाखवायला आणा. आणि या सायकलींवर उभं राहून जोर काढायची सवय सोडा. उंच हँडलपोस्ट लवतो आणि बिजागरीवर विनाकारण ताण येतो. गिअर उतरवा, बसून चढा.

गणिती

काकांना अनुमोदन. गटासाठी एक पुरवणी: हाताने खुणा करायची पद्धत मोठ्या सायकलींवर सोपी आहे. आपल्या छोट्या चाकांचं हँडल एक हात सुटला की फडफडतं, आणि खड्डा दाखवायला हात काढावा आणि त्याच खड्ड्यात आपणच पडावं असं होतं. तेव्हा तोंडाने ओरडायचं. 'खड्डा', 'थांबतोय', 'गाडी मागून'. पुढच्याने ओरडलं की प्रत्येकाने ते मागे पोचवायचं. दोन सायकलींमध्ये निदान दोन सायकलींएवढं अंतर.

सोळा_सतरा

माझी सायकल घडी होत नाही, पण चाक २० इंची आहे. छोटी आहे, गोड आहे. चालेल का? माझ्या मित्राची बॅटरीवाली घडीची आहे, तीही विचारून घेतो.

कोपऱ्यातली

घडी होत नसेल तर लोकलमध्ये कशी आणणार? (अजून गोल की सरळ हे ठरलेलं नाही याची मला कल्पना आहे.)

बिजागर

छोटं चाक म्हणजे घडीची सायकल नव्हे, हे खरंच. सर ॲलेक्स मोल्टन यांनी १९६२ मध्ये छोट्या चाकांची, रबरी सस्पेन्शनची सायकल आणली आणि छोटं चाक वेगवान असू शकतं हे जगाला दाखवलं, पण ती मिटत नव्हती. पुढच्या काही मॉडेलचे दोन तुकडे करता येत, घडी नाही. तेच मोल्टन, ज्यांनी 'मिनी' नावाच्या मोटारीचं रबरी सस्पेन्शन केलं. छोटं चाक जास्त दणके खातं, तर त्याला हवा जास्त भरा आणि दणका रबराला खाऊ द्या, हा त्यांचा साधा हिशेब.

सायकल मिटवायची कल्पना त्याहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसए कंपनीने मधोमध मिटणारी सायकल केली होती. चाकं मात्र पूर्ण आकाराची. मिटायची, पण हातात घेऊन कोणी लोकलमध्ये शिरलं नसतं.

मंदगती

काका, सुरू झालातच तर त्या तीन भागांत मिटणाऱ्या इंग्रजी सायकलीबद्दलही सांगा. माझी तीच आहे.

बिजागर

ब्रॉम्प्टन. अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनिअरने सत्तरच्या दशकाच्या मध्यात लंडनमध्ये राहत्या घरात पहिले नमुने केले. खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचं, म्हणून ते नाव. त्याआधी त्याने बिकर्टन नावाची अल्युमिनियमची घडीची सायकल पाहिली होती आणि हे याहून बरं करता येईल असं त्याला वाटलं. खरी युक्ती अशी की मागचं चाक खालून पुढे सरकतं आणि चेन दोन चाकांच्या मध्ये लपते. म्हणून मिटलेली ब्रॉम्प्टन पायाला घासली तरी पँट काळी होत नाही. मधोमध मिटणाऱ्या बऱ्याच सायकलींत चेन बाहेरच्या बाजूला राहते.

दुसरीकडे डेव्हिड हॉन हे लेझरवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ. सत्तरच्या दशकातली इंधनटंचाई बघून ते घडीच्या सायकलीकडे वळले आणि १९८२ मध्ये डाहॉन सुरू झाली. आज रस्त्यावर दिसणाऱ्या मधोमध मिटणाऱ्या २० इंचींवर त्या घराण्याची छाप आहे.

माझा वैयक्तिक जीव तिसरीत आहे, मार्क सँडर्सची स्ट्रिडा. त्रिकोणी, चेनऐवजी पट्टा. चालवायला विचित्र, बघायला सुरेख. माझ्याकडे नाही.

आता कुणाची सायकल श्रेष्ठ यावर या धाग्यावर एकही प्रतिसाद येऊ देऊ नका, घडीमोड. मेळावा होण्याआधीच मोडेल.

घडीमोड

ठरलं. श्रेष्ठत्वाच्या चर्चेला बंदी. बॅटरीवाली आणा, पण ती स्वतः उचलून जिना चढता येत असेल तरच. साध्या घडीच्या सायकली ११-१२ किलोच्या आसपास असतात. बॅटरी आली की वजन बरंच वाढतं आणि मग ती उचलायला बाकीचे लागतात. सोळा_सतरा, तुम्ही शेवटच्या टप्प्यावर येऊन मिळा आणि मेळाव्याला थांबा. सायकल गोड आहे म्हणताय, तर बघू तरी.

आणि हो, कौल घेतला. सरळ राईड ११, गोल फेरी ४. लोकलने जायचं.

रात्रपाळी

लोकशाहीचा विजय असो. येतो. पण कुरकुरत येणार, आधीच सांगतो. बिजागरीवर फडकं मारून थांबणारी कुरकुर नाही ही.

कोपऱ्यातली

रात्रपाळी, तुमच्यासाठी डब्यात खिडकीची जागा धरते.

आता लोकलचं बोलते, कारण मी रोज सायकल घेऊन जाते आणि हे बिघडलं तर पुढच्या वेळी आपल्याला कोणी आत घेणार नाही. एक घडीची सायकल म्हणजे एक मोठी बॅग. पंधरा एका डब्यात शिरल्या तर भिंत उभी राहते. तेव्हा तिघा-तिघांचे गट करू, वेगवेगळ्या दारांनी चढू. घडी स्टेशनाबाहेर करायची, फलाटावर नाही आणि जिन्याच्या तोंडाशी तर मुळीच नाही. मेट्रो, बस, लोकल प्रत्येकाचे घडीच्या सायकलीचे नियम वेगळे असतात, काही ठिकाणी ती पिशवीत असावीच लागते. म्हणून प्रत्येकाने पिशवी आणावी, जुनी चादर शिवून केली तरी चालते. मिटलेली सायकल आपल्या पायांत धरायची आणि चेनची बाजू स्वतःकडे. दुसऱ्याच्या कपड्यांना काळं लागलं की आपण कितीही सॉरी म्हटलं तरी त्याच्या मनात घडीच्या सायकली कायमच्या काळ्या यादीत.

चुंबकाने बंद राहणाऱ्या घड्या धक्क्याने उघडतात. एक पट्टा किंवा रबर बांधा.

नवशिकी

पट्ट्याचं पटलं. गेल्या वेळी माझी बसमध्ये मधूनच उघडली. एका आजोबांना वाटलं मी ती त्यांच्यासाठी बसायला उघडली.

गणिती

घडीच्या स्पर्धेचं काय ठरलं? ब्रॉम्प्टनच्या जागतिक स्पर्धेत सगळे मिटलेल्या सायकलीपाशी धावत येतात, उघडतात आणि शर्यतीला लागतात. पहिली २००६ मध्ये बार्सिलोनात झाली. अंगात कोट आणि टाय सक्तीचा, सायकलिंगचे तंग कपडे चालत नाहीत. तसं काही?

बिजागर

टाय बांधा हवं तर, पण नुसती वेळ मोजू नका. वेळ मोजली की लोक क्लॅम्प अर्धवट लावतात. माझा नियम: उघडायची, दहा मीटर चालवायची, परत मिटायची. मग मी येऊन तपासणार. क्लॅम्प ढिला, कडी उघडी किंवा केबल चिमटलेली सापडली की बाद.

मंदगती

मी शर्यतीत नाही, पण काकांना लोकांना बाद करताना बघायला येणार.

घडीमोड

शेवटचं. पुढे कोपऱ्यातली, कारण रस्ता तिला माहीत. शेपटाला गणिती. शेपटाच्या मागे कोणीही राहायचं नाही. दर पाच-सहा किलोमीटरला सगळे एकत्र. प्रत्येकाने आपल्या मापाची ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर आणावेत. टायरच्या कडेवर छापलेला आकडा बघूनच ट्यूब घ्या, '१६ इंची द्या' म्हणून नको. भेटू.

घडीमोड

(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतोय. राईड झाली! १९ सायकली. बारा २० इंची, सहा १६ इंची, एक बॅटरीवाली. शिवाय सोळा_सतरा शेवटी येऊन मिळाले, त्यांची सायकल खरोखर गोड आहे.

लोकलमध्ये तिघातिघांनी चढलो. एका डब्यात कुणाला काही वाटलंच नाही, कारण मिटलेल्या सायकली पिशव्यांत होत्या आणि आम्ही चोरासारखे गप्प होतो. शेवटच्या स्टेशनाबाहेर मात्र मजा आली. एकोणीस पिशव्या उघडल्या आणि एकोणीस सायकली उभ्या राहिल्या. बाहेरचे तिकीट तपासनीस दोन मिनिटं काम विसरून बघत होते. काकांनी तिथेच तपासणी केली आणि तीन क्लॅम्प ढिले काढले. त्यातला एक माझा. सहा वर्षांत मी तो नट कधी आवळला नव्हता.

सरासरी १३.६ पडली. गणिती, हात जोडले.

गणिती

शेपटाकडून पंक्चरचा वृत्तांत देणं माझं काम. अकराव्या किलोमीटरला एका १६ इंचीचं मागचं चाक बसलं. मालकाने ट्यूब आणली होती आणि ती १६ इंचीच होती. पण टायर ३४९ चं आणि ट्यूब ३०५ साठीची! १६ इंच नावाने दोन वेगवेगळी मापं चालतात. २० इंचीतही तेच, ४०६ आणि ४५१. ट्यूब थोडी ओढूनताणून बसली असती, पण दुसरी अडचण निघाली. मागच्या हबमध्येच (चाकाच्या मधल्या तुंब्यातच) गिअर, धुरीला १५ मिमीचा नट, आणि पान्हा एकोणीस जणांत कुणाकडेच नाही. सगळ्यांच्या पाऊचमध्ये षटकोनी किल्ल्यांचे सुबक संच होते, जे इथे अगदी निरुपयोगी होते.

मग बिजागरकाकांनी चाक न काढताच काम केलं. टायरची एक बाजू रिमवरून सोडवली, ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढला, हवा भरून भोक शोधलं, घासून ठिगळ चिकटवलं, परत आत. टायरमधून काचेचा तुकडा काढायला विसरले नाहीत. सोळा मिनिटं.

सीटपोस्ट_कोरडा

तो मालक मीच. दुसऱ्या दिवशी १५ मिमीचा पान्हा आणला आणि सायकलीला दोरीने बांधूनच टाकला. ट्यूब ३४९ ची दोन. सगळ्यांना उशीर झाला त्याबद्दल माफी.

मंदगती

कसली माफी, त्या सोळा मिनिटांनी माझे गुडघे वाचवले.

मला सगळ्यात काय आवडलं सांगू? मी अठराव्या किलोमीटरला दमले. मोठ्या गटाच्या राईडमध्ये अशा वेळी सगळ्यांना माझ्यासाठी थांबावं लागतं, नाहीतर कुणाची तरी मोटार बोलवावी लागते, आणि लाजेने मी पुढच्या वेळी जात नाही. इथे पुलाच्या टोकाशी बस थांबा होता. सायकल मिटली, बसमध्ये बसले आणि मेळाव्याच्या जागी सगळ्यांच्या आधी पोचून सावलीची जागा धरून ठेवली.

कोपऱ्यातली

त्या बसमध्ये तुम्ही एकट्या नव्हतात ना पण?

मंदगती

मी काही बोललेले नाही.

रात्रपाळी

बोला, बोला. लपवून काय करायचं. रात्रभर जागून पहाटे लोकल पकडली, आणि पंधराव्या किलोमीटरनंतर रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषा दोन-दोन दिसायला लागल्या. झोपेत हँडल धरण्यापेक्षा बस बरी. मंदगतीताईंनी मला खांद्याला हलवून उतरवलं, नाहीतर सायकलीसकट डेपोत गेलो असतो. गोल फेरी असती तर माझ्यामुळे सगळे अडकले असते, हे मान्य. कोपऱ्यातलीचं बरोबर होतं, हेही मान्य. हे एकदाच लिहितोय, पुन्हा विचारू नका.

तरीही उतार फार होता. पुढच्या वेळी निदान एक चढ हवा.

नवशिकी

घडीची स्पर्धा सांगा ना कोणीतरी! मी पहिली आले!

बिजागर

आली, आणि खरी आली. सगळ्यात जलद एक वीस इंचीवाले होते, उघडून-चालवून-मिटून ३१ सेकंद. त्यांच्या हँडलपोस्टची सुरक्षा कडी उघडीच होती. बाद. दुसऱ्याची गिअरची केबल बिजागरीत. बाद. नवशिकीला ५२ सेकंद लागले आणि सगळं जिथल्या तिथे होतं. उघडल्यावर तिने पायडल हाताने एक फेरा फिरवून चेन बसली आहे का तेही बघितलं. हे मी सांगितलेलं नव्हतं.

नवशिकी

तुमच्या एका जुन्या प्रतिसादात वाचलं होतं, काका. आणि कुरकुर थांबली. सीटपोस्टच होता, बिजागरी नव्हती.

सोळा_सतरा

बॅटरीवाल्या मित्राचा निरोप: स्टेशनचा जिना त्याने एकट्याने चढला, पण वर पोचल्यावर पाच मिनिटं कुणाशी बोलला नाही. पुढच्या वेळी सरकता जिना किंवा लिफ्ट असलेलं स्टेशन निवडावं अशी त्याची विनंती आहे. त्याला चाकांवर ढकलता येते, पण जिन्यावर चाकांचा काय उपयोग.

कोपऱ्यातली

विनंती मंजूर. पुढचा मार्ग मनात आहे: मेट्रोने टेकडीच्या मागच्या स्टेशनला, तिथून रात्रपाळींसाठी एक किलोमीटर चढ, मग तलावाला वळसा घालून बसच्या मुख्य स्थानकाशी शेवट. १९ किलोमीटर. दुपारी चारला निघू, म्हणजे रात्रपाळीवाल्यांची झोप झालेली असेल. दिवे मात्र लागतील, पुढे पांढरा, मागे लाल. मागचा दिवा सीटपोस्टला लावलात तर घडी करताना तो आडवा येतो, तेव्हा आधी घरी मिटून बघा.

रात्रपाळी

एक किलोमीटर चढ! उपकार झाले. आहे मी.

घडीमोड

छान. तारीख दोन दिवसांत टाकतो. तोवर एक हरवलं-सापडलं: मेळाव्याच्या जागी एक निळा पट्टा राहिला आहे, रुंद, प्लास्टिकच्या कडीचा, घडी बांधायचा. कुणाचा?

सीटपोस्ट_कोरडा

माझा. काल जिन्यात घडी सुटून सायकल पायावर पडली, तेव्हा लक्षात आलं.